गज श्वास घेतो तेव्हा : मध्ययुगीन चर्चसंगीताच्या दोन सीडी

चर्चमधल्या जुन्या लॅटिन चाली गाताना श्वास कुठे घ्यायचा हे शब्द ठरवतात. ओळ संपली, अर्थ पुरा झाला, की थांबायचं. व्हायोलिनला ही अडचण नाही. गज उलट फिरवला की सूर चालूच राहतो. त्यामुळे मध्ययुगातल्या या चाली कोणी आजच्या तंतुवाद्यांसाठी, गायकवृंदासाठी नव्याने बांधल्या असतील, तर मी ऐकताना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते : वादक श्वास घेताहेत का? घेत असतील तर बाकीच्या दहा गोष्टी मी पोटात घालते. नसतील तर कितीही गोड वाजवोत, पाच मिनिटांत माझं मन उठतं.

गेले काही महिने माझ्याकडे दोन सीडी आलटून पालटून वाजताहेत. एक क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचाची 'अर्ली म्युझिक', नॉनसच या कंपनीने १९९७ साली काढलेली. दुसरी एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पेर्त याची 'इन प्रिन्सिपिओ', इसीएम या कंपनीची, २००९ सालची. पहिलीत शब्द नाहीत, चार तंतुवाद्यं आहेत. दुसरीत गायकवृंदही आहे आणि तंतुवाद्यंही. दोन्हींबद्दल सांगायचंय, पण त्याआधी माझी मोजपट्टी कुठून आली ते सांगते, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

मी एका हौशी गायकवृंदात चौदा वर्षं आल्टोमध्ये, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या आवाजांत गाते. काही वर्षांपूर्वी आम्ही मोरिस द्युरुफ्लेचं 'रेक्विएम' बसवलं. द्युरुफ्ले (१९०२–१९८६) हा फ्रेंच ऑर्गनवादक. लहानपणी रुआँच्या कथीड्रलमधल्या मुलांच्या वृंदात गायलेला, पुढे आयुष्यभर पॅरिसच्या सेंत-एतिएन-द्यु-माँ चर्चशी बांधलेला. त्याचं 'रेक्विएम' १९४७ साली पुरं झालं आणि त्याने ते वडिलांच्या स्मृतीला वाहिलं. मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या ग्रेगोरियन चाली, म्हणजे चर्चमधल्या त्या जुन्या एकपदरी लॅटिन चाली, त्याने घेतल्या आणि त्यांच्याभोवती विसाव्या शतकातलं स्वरसंयोजन विणलं. पूर्ण वाद्यवृंदाची आवृत्ती झाली, फक्त ऑर्गनची झाली, आणि १९६१ मध्ये त्याने एक मधली आवृत्ती केली. तिच्यात मुख्य भार तंतुवाद्यांवर आणि ऑर्गनवर. आम्ही ही मधली गायलो.

सुरुवातीला व्हायोलांचा (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) सोळांश स्वरांचा एक झरा वाहायला लागतो आणि त्यावर पुरुषांचे आवाज मूळ चाल गातात : 'रेक्विएम एतेर्नाम', त्यांना चिरशांती दे. आम्हा बायकांच्या वाट्याला तिथे शब्द नाहीत, नुसता 'आ'. नोटेशनमध्ये मात्रांची संख्या सारखी बदलते. एका ओळीत तीन, पुढच्या ओळीत चार, मग दोन. पहिल्या तालमीला आमच्यातले निम्मे लोक बोटं मोजत होते आणि गाणं कुठेच नव्हतं. आमच्या संचालकांनी मग नोटेशन बाजूला ठेवायला लावलं आणि लॅटिन वाक्य नुसतं बोलायला सांगितलं. दोनदा, तीनदा, चारदा. तेव्हा कळलं की बदलत्या मात्रा म्हणजे बोलण्याचीच लय आहे. कुठे दोन स्वरांचा गट, कुठे तीनचा, शब्द वळेल तसा.

पण मला कायमची आठवण राहिली ती नंतरच्या तालमीची. तंतुवादक पहिल्यांदा आमच्याबरोबर बसले होते. आल्टोंच्या अगदी पुढ्यात व्हायोला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि सगळं बरोबर असूनही चाल मेणात बुडवल्यासारखी गुळगुळीत झाली. संचालकांनी थांबवलं आणि वादकांना म्हणाले, "आधी तुम्ही गा." वादकांनी एकमेकांकडे पाहिलं. गाणं हे त्यांचं काम नव्हे. तरी गायले, हळू आवाजात. गाताना अर्थातच त्यांना श्वास लागला, आणि जिथे लागला तिथे पेन्सिलीने स्वल्पविराम करायला सांगितलं. माझ्या पुढ्यातल्या व्हायोलावाल्या बाईंनी पहिल्या पानावर सात स्वल्पविराम केले. मी वाकून मोजले. दुसऱ्यांदा वाजवताना त्या प्रत्येक खुणेशी त्यांचं मनगट किंचित सैल होई, गजाचे केस तारेवरून सुटत नसत पण दाब निघून जाई, आणि स्वर शेवटाला बारीक होत विरे. मग पुढचा गज. दगडी हॉलमध्ये आधीचा स्वर अजून घुमत असायचा आणि त्याच्या अंगावर नवीन ओळ उगवायची. त्या संध्याकाळी आम्ही 'आ' गायलो तो पहिल्यांदा गाण्यासारखा वाटला.

पुढे दोन वर्षांनी मी फ्रान्समध्ये सार्त नदीकाठच्या सोलेम मठात गेले. तिथल्या बेनेडिक्टिन साधूंनी एकोणिसाव्या शतकात जुन्या हस्तलिखितांवरून या चाली पुन्हा उभ्या केल्या, आणि द्युरुफ्लेने लय धरली ती त्यांनीच ठरवलेली. मी संध्याकाळच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसले होते. स्तोत्राच्या प्रत्येक ओळीच्या मध्यावर साधू थांबतात. ओळीच्या शेवटी नव्हे, मध्यावर. थांबणं इतकं निवांत की पहिल्या अर्ध्या ओळीचा घुमारा पुरता विझतो, मग उरलेली अर्धी. कोणी मोजत नाही, कोणी हात हलवत नाही, तरी सगळे एकदम पुन्हा सुरू करतात. ती शांतता गाण्याचाच भाग आहे. ती कोणा मांडणीकाराने भरून काढली, की माझ्या लेखी चूक झाली.

आता सीडींकडे येते.

'अर्ली म्युझिक' वाजवलीय ती क्रोनोसच्या त्या वेळच्या चौघांनी : डेव्हिड हॅरिंग्टन आणि जॉन शर्बा व्हायोलिनवर, हँक डट व्हायोलावर, जोन जीनरेनो चेलोवर. आधीच सांगते, ही सगळी मध्ययुगीन सीडी नाही. इंग्लंडमधल्या डाउलंड-पर्सेल या जुन्या संगीतकारांपासून विसाव्या शतकातल्या अमेरिकन जॉन केजपर्यंत आणि पेर्तच्या एका छोट्या स्तोत्रापर्यंत बरंच काही तिच्यात एकाशेजारी एक ठेवलंय. नुसतं चर्चसंगीत हवं असेल तर तुमची निराशा होईल. मला मात्र ही शेजारमांडणी पटली, कारण चौदाव्या शतकातला स्वर आणि विसाव्या शतकातला स्वर इथे एकाच गजाने वाजतो, आणि दोघांमध्ये किती कमी अंतर आहे ते सांगत न बसता ऐकू येतं.

मध्ययुगीन तुकडे थोडेच आहेत, पण निवडलेले नेमके. चौदाव्या शतकातल्या फ्रेंच गियोम द माशोच्या मासमधलं (कॅथलिक उपासनेच्या संगीतामधलं) 'किरिये', म्हणजे 'प्रभो, दया कर' ही प्रार्थना, नवव्या शतकातली बायझंटाइन साध्वी कासिया हिचं एक स्तोत्र, आणि जर्मन मठाध्यक्षा हिल्डेगार्ड फॉन बिंगेनचं 'ओ विर्तुस सापिएन्तिए'. माशोबद्दल फार लिहीत नाही. त्याचं संगीत मुळातच चार आवाजांचं आहे, चार वाद्यांवर ते सहज बसतं, आणि इथे छान बसलंय. जुनी चाल खालच्या आवाजात लांब स्वरांत चालते आणि वर बाकीचे झटके देत, अडखळत धावतात. ते अडखळणं तारेवर आवाजापेक्षाही स्पष्ट ऐकू येतं.

खरी परीक्षा हिल्डेगार्डची. तिची चाल एकपदरी, म्हणजे मांडणीकाराला लपायला जागा नाही. क्रोनोसच्या वादनात खाली स्वर धरलेले आहेत आणि वर ही एकटी चाल. स्वराला कंप जवळजवळ नाही. आजच्या व्हायोलिनवादकाला डाव्या हाताचं बोट स्थिर ठेवणं किती अवघड जातं हे मी तालमीत जवळून पाहिलंय. शिकवणुकीतच ते हलतं ठेवायची सवय लावलेली असते. बोट स्थिर राहिलं की स्वराला कसलाच आडोसा राहत नाही, सगळा भार गजावर येतो. इथे तो गज फार सुंदर वागतो. स्वर हवेतून यावा तसा सुरू होतो, मध्ये भरतो, आणि ओळीच्या टोकाला हलका होतो. मी डोळे मिटून, हाताने पेन्सिल धरल्यासारखं करत ऐकलं, आणि जिथे जिथे मी स्वल्पविराम दिला असता तिथे बहुतेक ठिकाणी त्यांनी दिलाय.

बहुतेक ठिकाणी म्हणाले, कारण एक तक्रार आहे, आणि ती वादकांविषयी नाही, शब्द काढून टाकण्याविषयी आहे. या गाण्याचे शब्द प्रज्ञेला उद्देशून आहेत. तिला तीन पंख आहेत : एक उंचावर उडतो, दुसरा मातीतून पाझरतो, तिसरा सगळीकडे फिरतो. पंख मातीतून पाझरतो! बाराव्या शतकातल्या एका मठातल्या बाईला हे सुचलं. शब्द माहीत असतील तर चालीची तीन वळणं तीन पंखांसारखी उलगडतात. माहीत नसतील तर एक लांब, सुंदर, काहीशी भरकटणारी सुरावट ऐकू येते. मी दोन्ही प्रकारे ऐकून पाहिलं. आधी तीन दिवस नुसती सीडी, मग लॅटिन ओळी कागदावर लिहून, मोठ्याने वाचून, पुन्हा सीडी. दुसऱ्या वेळी गाणं जणू लांबीने अर्धं झालं, इतकी प्रत्येक ओळ आपापल्या जागी बसली. घ्याल तर हे नक्की करा.

हिल्डेगार्डच्याच आयुष्यातली एक गोष्ट मला इथे राहून राहून आठवते. ११७८ साली, ऐंशीच्या घरात असताना, तिच्या मठावर माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी बंदी घातली, कारण बहिष्कृत ठरलेल्या एका माणसाला मठाच्या जागेत पुरलं होतं आणि तिने ते प्रेत बाहेर काढायला नकार दिला. तिचं म्हणणं, मरणाआधी त्याला क्षमा मिळाली होती. बंदी अशी की प्रार्थना गायच्या नाहीत, दारं लावून हळू आवाजात नुसत्या वाचायच्या. तिने अधिकाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात गाण्याची बाजू मांडली. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती गेली. त्या बायकांकडून सूर काढून घेतला होता आणि शब्द ठेवले होते. चार वाद्यांवरच्या मांडणीत शब्द जातात आणि सूर राहतो. तिचं पत्र आठवतं तेव्हा मला वाटतं की यातलं काहीही एकेकटं तिला पुरेसं वाटलं नसतं. क्रोनोसने जेवढं वाद्यांनी देता येईल तेवढं दिलंय. उरलेलं आपण वाचून भरायचं.

कासियाच्या स्तोत्राला मी जास्त वेळ ऐकूनही अजून पुरती सरावलेली नाही. ग्रीक परंपरेतली चाल, तिची वळणं लॅटिन चालींपेक्षा निराळी, आणि माझा कान तिथे घडलेला नाही. त्यामुळे तिच्याबद्दल मत देत नाही. ऐकायला मात्र ती रोखून धरते.

दुसरी सीडी घेताना एक गोष्ट नीट समजून घ्या : 'इन प्रिन्सिपिओ'त सहा रचना आहेत आणि त्यांतली जुन्या चालीवर उभी असलेली, ज्यासाठी मी ती घेतली ती, एकच, 'दा पाचेम दोमिने'. सुमारे सहा मिनिटांची. सीडीच्या नावाची रचना मोठ्या वाद्यवृंदाची, भव्य आणि टणक आहे. ती चांगली आहे, पण ती वेगळी गोष्ट. त्या सहा मिनिटांसाठी अख्खी सीडी घ्यावी का? मी घेतली आणि मला पश्चात्ताप नाही. इतरांना आधी ती एकच रचना ऐकून बघायला सांगेन.

'दा पाचेम दोमिने' म्हणजे 'हे प्रभो, आमच्या काळात शांती दे'. मूळ प्रार्थनागीत नवव्या शतकातलं. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमध्ये रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर दोन दिवसांनी पेर्तने ही रचना लिहायला घेतली. जुन्या संगीताचा वादक-संचालक जॉर्दी साव्हाल याने बार्सिलोनातल्या शांतीसाठीच्या मैफलीकरता त्याच्याकडे नवीन काम मागितलं होतं. आधी ती चार आवाजांसाठी होती, पुढे तिच्या बऱ्याच आवृत्त्या झाल्या. या सीडीवर गायकवृंद आणि तंतुवाद्यं अशी आहे. एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायर आणि तालिन चेंबर ऑर्केस्ट्रा, संचालन तोनू काल्युस्ते यांचं.

ऐकताना पहिल्यांदा वाटतं, काहीच होत नाहीये. सगळे स्वर लांब, आणि सगळे एकदम बदलत नाहीत. एक आवाज सरकतो तेव्हा बाकीचे जागेवर असतात, मग दुसरा सरकतो. क्षणभर दोन स्वर एकमेकांना खुपतात आणि मग त्यांतला एक बाजूला होतो. पेर्तने १९६८ नंतरची कित्येक वर्षं जवळपास नवीन काही प्रसिद्ध न करता ग्रेगोरियन चाली आणि जुनं बहुस्वरी संगीत घोकलं, आणि १९७६ पासून त्याची ही आताची साधी भाषा सुरू झाली. ते घोकणं इथे दिसतं. त्याने मूळ चालीला सजवलेलं नाही. तिचा वेग इतका कमी केलाय की एकेक स्वर हातात घेऊन बघता यावा.

आणि तंतुवाद्यं? इथे ती जे करतात ते मला आमच्या त्या तालमीपासून हवं होतं. ती गायकांच्या खाली गादी अंथरत नाहीत. गायकांचेच स्वर घेतात, त्यांच्याबरोबर येतात, आणि गायक श्वासाला थांबले की त्यांचा विरता स्वर किंचित पुढे नेतात, दगडी भिंत नेते तसा. दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकताना मी फक्त शब्दांच्या सुरुवातीकडे लक्ष दिलं. 'पाचेम'मधला 'प' ओठांवर फुटतो, आणि व्यंजन वाद्याला करता येत नाही, म्हणून गज त्या क्षणी मुद्दाम मऊ राहतो आणि स्वर उघडला की मगच भरतो. आवाज पुढे, तार अर्धं पाऊल मागे. इतकं एकमेकांना ऐकत वाजवलेलं कमी सापडतं. शेवटाकडे 'आमच्यासाठी लढणारा तुझ्यावाचून दुसरा कोणी नाही' हे शब्द येतात, आणि ते मोठ्याने येत नाहीत. स्फोटानंतर दोन दिवसांनी हाती घेतलेल्या रचनेत ते मोठ्याने आले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. मला तिथे दर वेळी घशाशी दाटून येतं.

असल्या चालींखाली सिंथेसायझरची सपाट साय आणि ठेका घालून 'ताण घालवा' म्हणून विकणारे अल्बम खूप झाले. मला भेट म्हणून असे तीन मिळाले. त्यांत चाल कधीच थांबत नाही, ठेका तिला थांबू देत नाही. ज्यांना ते आवडतं त्यांना आवडो, पण तेवढं ऐकून 'हे संगीत सगळं सारखंच' असं कोणी म्हणू नये एवढ्यासाठी लिहिलं.

ऐकण्याच्या सोयीबद्दल. मी दोन्ही आधी एका ऑनलाइन सेवेवर ऐकून पाहिल्या आणि तिथे दोन त्रास झाले. एक, शब्द नाहीत, पुस्तिका नाही. कोण गातंय, काय गातंय, कळायला मार्ग नाही, आणि वर लिहिलंय तसं शब्दांवाचून हे संगीत अर्धंच मिळतं. दुसरा त्रास ट्रॅकच्या सांध्यावर. द्युरुफ्लेचं 'रेक्विएम' मी तिथेच लावलं होतं. त्यात पहिला भाग संपतो तो थेट 'किरिये'त शिरतो, मध्ये पोकळी नाही. सेवेने तिथे सेकंदभराची खाच पाडली. श्वास घेणारी शांतता आणि यंत्राने पाडलेली खाच यांत काय फरक असतो ते त्या दिवशी फार स्वच्छ कळलं. मग सीडीच घेतल्या. हेडफोनपेक्षा साध्या स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐका. या चाली कानाशी कुजबुजायला केलेल्या नाहीत, त्यांना थोडं अंतर कापून येऊ द्यावं लागतं. आवाज कमी ठेवला तरी चालेल, पण घरातला पंखा बंद करा. 'दा पाचेम'चे विरते स्वर पंखा पहिल्यांदा गिळतो.

दोहोंतली एकच घ्यायची असेल आणि तुम्ही स्वतः काही वाजवत असाल, तर क्रोनोसची. एकपदरी चालीला गजाने कसं वागवायचं याचा तो धडा आहे, पुन्हा पुन्हा उघडावा असा. गात असाल तर पेर्तची.

पेर्तच्या सीडीत 'दा पाचेम'च्या लगेच पुढे 'माइन वेग' आहे. चौदा तंतुवाद्यं आणि तालवाद्यांची, सतत पुढे ढकलणारी रचना. वेगळी ऐकली तर मला आवडते. पण शेवटचा स्वर विझत असताना ती अंगावर येते, म्हणून मी रिमोट हातात घेऊनच बसते आणि 'दा पाचेम' संपलं की सीडी थांबवते. खोलीत पुन्हा बाहेरचे आवाज ऐकू यायला लागले की मग पुढचं लावते.